आईला खुर्चीतून उठू द्या

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी ती घरातच पाय घसरून पडली. तोल सावरायला हात पुढे केला, सगळा भार तळहातावर आला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, हाड चांगलं जुळलंय असं डॉक्टर म्हणाले. पण तेव्हाच केलेल्या डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, खुब्याचा टी-स्कोर उणे २.७ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. तेव्हापासून आम्ही तिला जवळजवळ खुर्चीतच बसवून ठेवलंय. काही उचलू देत नाही, जिना चढू देत नाही. नातेवाईक सांगतात की हाडं झिजली आहेत, वापरली तर आणखी झिजतील. डॉक्टरांनी ठिसूळ हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती, पण तिने जबड्याचं हाड सडतं असं कुठेतरी ऐकलं आणि ती बंद केली. आता फक्त कॅल्शियम घेते. माझा ११ वर्षांचा मुलगा शाळेत अस्थिसंस्था शिकतोय. ‘शरीराला आधार देणे, नाजूक अवयवांचे रक्षण करणे, हालचालीस मदत करणे’ असं पाठ करता करता त्याने मला विचारलं, “आजीची हाडं मेली आहेत का?” मला उत्तर देता आलं नाही. त्याला काय सांगू? आणि आईला नेमकं किती जपू?

उत्तर :

ताई,

मुलाने विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देते. आजीची हाडं मेलेली नाहीत. मेली असती तर मनगट जुळलंच नसतं.

मनगट मोडलं तेव्हा हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही तुटल्या आणि त्या जागी रक्त साकळलं. पुढच्या काही दिवसांत त्या साकळलेल्या रक्तात नव्या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या शिरल्या. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना धरून ठेवणारी मऊ, कूर्चेची गाठ तयार झाली. मग त्या गाठीत क्षार बसत गेले आणि ती हळूहळू कडक झाली. प्लास्टरने हाड जोडलं नाही, प्लास्टरने फक्त टोकं जागेवर धरून ठेवली. जोडलं ते हाडानेच. आणि हे काम अजून संपलेलं नाही. घाईत तयार झालेली ती ओबडधोबड गाठ तासून मूळच्या आकाराला आणायचं काम पुढे कितीतरी महिने, काही वेळा काही वर्षं चालतं. कातडी खोलवर फाटली तर व्रण राहतो. हाड मात्र व्रणाने नाही, खऱ्याखुऱ्या नव्या हाडाने भरून निघतं. शरीरात असं करू शकणारे अवयव फार थोडे आहेत. ७१ वर्षांच्या बाईच्या शरीराने हे चार महिन्यांत करून दाखवलंय, आणि तेही टी-स्कोर उणे २.७ असताना. हे आईंनाही सांगा. त्यांना हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

हाड म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळेतला पांढरा, कोरडा सांगाडा आठवतो, म्हणून ही चूक होते. तो सांगाडा खरोखरच मेलेला असतो. जिवंत हाड ओलसर असतं, रक्ताने भरलेलं असतं, बाहेरून त्याला नसांनी भरलेलं पातळ आवरण असतं. नडगीवर लागलं की डोळ्यांत पाणी येतं ते त्या आवरणामुळे. वजनाने पाहिलं तर हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा. उरलेल्यात मोठा वाटा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा. क्षार हाडाला कडकपणा देतात, तंतू चिवटपणा देतात. एखादं लहान हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की क्षार विरघळतात आणि उरलेलं हाड चक्क वाकवता येतं. उलट हाड भट्टीत जाळलं तर तंतू जळून जातात, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबलं तरी चुरा होतो. व्हिनेगरचा प्रयोग मुलासोबत जरूर करा. पाठ केलेली वाक्यं विसरली जातील, हातात वाकलेलं हाड विसरलं जाणार नाही.

आता आईंचं मनगटच का मोडलं, ते पाहू. हाडाची रचना दोन प्रकारची असते. बाहेर घट्ट, भरीव हाड. आत, विशेषतः लांब हाडांच्या टोकांना आणि मणक्यांमध्ये, जाळीदार हाड, म्हणजे बारीक आडव्या-उभ्या काड्यांची विणलेली चौकट. एकूण सांगाड्याच्या वजनात जाळीदार हाडाचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा असतो, पण त्याचा पृष्ठभाग प्रचंड असतो. हे महत्त्वाचं आहे, कारण हाड घडवणाऱ्या आणि मोडणाऱ्या पेशी पृष्ठभागावरच काम करतात. म्हणून हाडाचा तोटा व्हायला लागला की तो आधी जाळीत दिसतो. काड्या बारीक होतात, मग मधल्या आडव्या काड्या तुटतात, आणि उभ्या काड्यांना बाजूचा आधार राहत नाही. मनगटाजवळचं टोक, मणके आणि मांडीच्या हाडाची खुब्यातली मान, या तीन जागा ठिसूळ हाडांत सर्वांत जास्त मोडतात त्याचं एक मोठं कारण हे. तळहातावर पडून मनगट मोडण्याच्या प्रकाराचं वर्णन डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केलं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, नुसत्या हाताच्या स्पर्शाने आणि आकार पाहून. आजही त्या मोडीला त्यांचंच नाव आहे, आणि आईंच्या कागदपत्रांत ते कदाचित दिसेल.

नातेवाईकांचं ‘वापरलं की झिजतं’ हे म्हणणं खोडून काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण आईंना खुर्चीत बसवलंय ते या एका समजुतीने.

हाड घासून कमी होत नाही. हाड सतत मोडलं जातं आणि सतत बांधलं जातं. अस्थिभक्षक पेशी जुन्या हाडाचा एखादा बारीक तुकडा दोन-तीन आठवड्यांत विरघळवून टाकतात. मग अस्थिजनक पेशी येऊन तो खड्डा नव्या हाडाने भरतात, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बनतो. तोडणं लवकर होतं, बांधणं सावकाश होतं, आणि दोघांचा मेळ बसलेला असतो तोवर काही बिघडत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, तो आवर सुटतो, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांचं हाडांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत कमी होतं. आईंचं हाड असं गेलं आहे. आयुष्यभर केलेल्या कामाने गेलेलं नाही. उलट त्या कामानेच ते जितकं शिल्लक आहे तितकं टिकलं असण्याची शक्यता जास्त.

वापराने होणारी झीज गुडघ्यांच्या बाबतीत ऐकायला मिळते, पण तो आजार वेगळा. तिथे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, कूर्चा, खराब होते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती नीट भरून येत नाही. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो सांधा हलल्यावर. म्हणजे तिथेही बसून राहणं हा उपाय नाहीच. आईंना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा आहे. दोन्ही आजार एकाच माणसाला होऊ शकतात, पण एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो.

मला या विषयात सर्वांत जास्त ओढ वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या पेशींची, आणि आईंच्या बाबतीत त्यांचंच ऐकायला हवं. हाड बांधताना काही पेशी स्वतःच बांधलेल्या हाडात अडकून पडतात. त्यांना अस्थिपेशी म्हणतात. हाडातल्या एकूण पेशींत नव्वद टक्क्यांहून जास्त त्याच असतात. प्रत्येकीला बारीक बारीक फाटे असतात, ते केसाहून सूक्ष्म नळ्यांतून जाऊन शेजारच्या पेशींना भिडतात. हाडावर भार आला, ते अगदी किंचित वाकलं, की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना तो भार जाणवतो. भार नसला की या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडतात, आणि ते नवं हाड बांधायला मनाई करतं. भार आला की ते प्रथिन कमी होतं आणि बांधकाम सुरू होतं. कुठे हाड हवं आणि कुठे नको, हा निर्णय अशा रीतीने हाडाच्या आतूनच होतो, आणि तो रोजच्या भारावरून होतो.

ही गोष्ट पेशी दिसण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या लक्षात आली होती. १८६०च्या दशकात झुरिचमध्ये हर्मान फॉन मायर नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा कापून त्यातल्या जाळीचं चित्र काढलं. कार्ल कुलमान या अभियंत्याने ते पाहिलं, आणि क्रेनसारख्या वाकड्या खांबात ताण आणि दाब ज्या रेषांवरून जातात त्याच रेषांवर त्या काड्या मांडलेल्या आहेत हे त्याने ओळखलं. पुढे १८९२ साली जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी यावर ग्रंथच लिहिला: भार बदलला की हाडाची आतली घडण बदलते. टेनिसपटूंचा खेळायचा हात आणि दुसरा हात यांच्या हाडांची जाडी वेगळी असते. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात तेव्हा खुब्याची आणि मणक्यांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. ते निरोगी, तरुण, उत्तम खाणारे लोक असतात. त्यांच्या हाडांना फक्त भार मिळत नाही.

खुर्चीतल्या माणसाची अवस्था त्याच दिशेने जाते. चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, कारण नुसतं वजन नाही तर तोल धरणारे स्नायूही तो सांधा आवळून धरतात. हाडाला सर्वांत मोठा ओढा स्नायूंचाच बसतो. आईंना बसवलंत तेव्हा तो ओढा काढून घेतलात. त्यात स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंनी तोल जातो, तोल गेला की माणूस पडतं. खुब्याची हाडं मोडतात त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक पडल्यामुळे मोडतात. तुम्ही मायेने जे करताय त्यातून ज्याची भीती वाटते तेच जवळ येतंय. हे कठोर वाटलं तरी लिहिणं मला भाग आहे.

मग काय करायचं? आधी एकदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा की मणक्यांचा एक्स-रे झाला आहे का. ठिसूळ मणके खूपदा आवाज न करता दबतात. अशा दबलेल्या मणक्यांतले निम्म्याहून जास्त कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पाठदुखी म्हणून सोडून दिले जातात. आईंची उंची आज मोजा आणि तरुणपणी किती होती ते आठवायला सांगा. ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर एक्स-रे हवाच. मणका दबलेला असेल तर पुढचे व्यायाम बदलतात, म्हणून हे आधी.

त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात करा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं आणि सावकाश बसणं. ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून टाचा उचलणं. आधाराला हात ठेवून एका पायावर उभं राहणं. जिन्याच्या एका पायरीवर चढणं-उतरणं, कठड्याला धरून. हे जमू लागलं की हळूहळू हातात वजन. रोज चालणं उत्तमच आहे, पण फक्त चालण्याने हाड फारसं वाढत नाही. स्नायूंना जोर लावावा लागेल असा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव, दोन्ही हवेत. वेळ फार लागत नाही. १९८४ साली क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज ठरावीक वेळा भार देऊन पाहिला. दिवसाला ३६ वेळा भार दिला तेवढ्यानेच हाड वाढलं, आणि १८०० वेळा देऊनही त्याहून जास्त वाढलं नाही. हाडाला थोडा, पण बदलता आणि रोजचा भार पुरतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांकडून आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास चांगल्या जड वजनांचा व्यायाम तज्ज्ञांच्या नजरेखाली करून घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले: आठ महिन्यांत कण्याच्या कमरेकडच्या भागाची घनता सरासरी जवळपास ३ टक्क्यांनी वाढली. आईंनी उद्यापासून जड वजनं उचलावीत असं मी म्हणत नाही, देखरेख नसेल तर मुळीच नाही. पण ‘आता या वयात काय वाढणार’ हे खरं नाही.

काही गोष्टी मात्र खरंच टाळायच्या. कमरेतून पुढे वाकून, त्यातच वळून जमिनीवरची वस्तू उचलणं. पाय सरळ ठेवून बोटांना हात लावण्याचे व्यायाम. पोटासाठी पडल्या पडल्या अंग उचलण्याचे व्यायाम. या सगळ्यांत मणक्याचा पुढचा भाग दाबला जातो, आणि दबायचा असतो तो तिथेच. वाकायचं तर गुडघे आणि खुबे दुमडून, पाठ सरळ ठेवून. जपायचं असेल तर घर जपा: रात्री उठल्यावर वाट दिसेल एवढा उजेड, पायाखाली सरकणारी चटई नको, न्हाणीघरात धरायला दांडा, मागून बंद असलेली पादत्राणं. डोळे तपासून घ्या. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, ते डॉक्टरांना विचारा.

आता गोळीबद्दल. आई कॅल्शियम घेतात, पण बांधणाऱ्यांपेक्षा तोडणारे जास्त असतील तर नुसता माल आणून भरत नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट तोडणाऱ्या पेशींना आवरतं, म्हणजे इस्ट्रोजेन जे काम करायचं त्यातलं काही करतं. मणके आधीच दबलेल्या स्त्रियांवरच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले, या औषधाने नवे मणके दबण्याचं आणि खुबा मोडण्याचं प्रमाण दोन्ही जवळपास निम्म्याने कमी झालं. जबड्याच्या हाडाचा त्रास खोटा नाही. पण तो बहुतेक वेळा कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांत दिसतो. ठिसूळ हाडांसाठीच्या गोळीने तो वर्षाला दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. खुबा मोडण्याचा धोका आईंच्या बाबतीत त्याच्या कितीतरी पट आहे. दात काढायचे असतील तर गोळी पुन्हा सुरू करण्याआधी दंतवैद्यांकडे जाऊन या, म्हणजे ती भीतीही कमी होईल.

गोळी घेण्याची रीत पाळायला हवी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध अंगी लागत नाही, ती दिवसा नंतर कधीतरी. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा गिळायला अडत असेल तर हे औषध चालत नाही, मग दुसरी औषधं आहेत. आणि हे औषध जन्मभराचं नाही. साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा आढावा घेतात आणि काही रुग्णांना विराम देतात. आईंना हे ठाऊक असेल तर त्या कदाचित जास्त सहज तयार होतील. कॅल्शियम दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे, आणि त्यात जेवणातलं कॅल्शियम धरायचं, गोळी फक्त तुटीपुरती. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण ते नसेल तर आतडं कॅल्शियम नीट शोषूनच घेत नाही.

कॅल्शियमवरून मुलाच्या धड्याकडे वळते, कारण तिथली तीन कामं खरी असली तरी अपुरी आहेत. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन आणि नसांचे संदेश अवलंबून असतात, म्हणून रक्तातली पातळी जराही घसरून चालत नाही. गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या पॅराथायरॉइड संप्रेरक सोडतात, आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. हृदय थांबू नये म्हणून हाड स्वतःचं देतं, दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं. बाळासाठी आईचं हाडही असंच कॅल्शियम देतं: बाळ अंगावर पीत असताना आईची घनता थोडी घटते आणि दूध तुटल्यावर बहुतेक वेळा भरून येते.

शिवाय रक्त हाडांतच तयार होतं. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या हाडांत लाल मज्जा असते. मोठ्या माणसांत ती मुख्यतः कटी, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड आणि कवटी यांत उरते, आणि तिथून दर दिवशी सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी बाहेर पडतात. मुलाला हे सांगा: आजी नुसती बसलेली असते तेव्हाही तिच्या बरगड्या रक्त बनवत असतात. ऐकणंही हाडांवाचून नाही. प्रत्येक कानात तीन चिमुकली हाडं कानाच्या पडद्याची कंपनं आत पोचवतात, आणि त्यांतलं शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, अवघं ३ मिलिमीटरचं असतं. आणि हाड संदेशही पाठवतं. अस्थिपेशी एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, ते मूत्रपिंडाला सांगतं की किती फॉस्फेट बाहेर टाकायचं. शाळेच्या पुस्तकात हे बहुधा नसेल, पण अकरा वर्षांच्या मुलाला समजणार नाही असं यात काही नाही.

तो हाडांच्या संख्येवरही अडेल. प्रौढांत २०६, नवजात बाळात २७० ते ३००. हाडं कुठे हरवत नाहीत, जुळतात. कण्याच्या तळाशी पाच मणके मिळून एक त्रिकास्थी होतं, तीन हाडं मिळून कटीचा एकेक भाग होतो, लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याला जोडली जातात. सुश्रुतसंहितेत हाडं ३०० सांगितली आहेत आणि चरकसंहितेत ३६०, कारण तिथे दात आणि चरकांकडे नखंसुद्धा मोजली आहेत. काय मोजायचं यावर आकडा ठरतो. त्या २०६ पैकी १०६ हाडं दोन हात आणि दोन पावलांतच आहेत, मनगटापासून बोटांपर्यंत आणि घोट्यापासून बोटांपर्यंत. पकडणं आणि उभं राहणं या दोन कामांसाठी शरीराने अर्ध्याहून जास्त हाडं खर्ची घातली आहेत.

उणे २.७ या आकड्याचाही धसका घेऊ नका. निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरीशी तुलना करून तो काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली उणे २.५ ही रेषा ठरवली, तिच्या खाली ऑस्टिओपोरोसिस. पण तो घनतेचा आकडा आहे. पडण्याची शक्यता, स्नायूंचा जोर, तोल, नजर यांतलं काहीच त्यात मोजलेलं नाही, आणि यांतलं बरंच काही तुमच्या हातात आहे. पुढचा स्कॅन साधारण एक-दोन वर्षांनी, आणि तो त्याच यंत्रावर करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

ताई, पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. अकरा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई, म्हणजे तुमची पाळी जायची वेळ जवळ आली असेल किंवा येत्या काही वर्षांत येईल. माणसाचं हाड विशी संपता संपता किंवा तिशीच्या आसपास सर्वांत भरलेलं असतं, आणि ते किती भरेल यात अनुवंशाचा मोठा वाटा असतो. आईचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं, हे तुमच्या डॉक्टरांना तुमच्या तपासणीत सांगा. खुबा मोडलेलं कुटुंबात आणखी कुणी असेल तर तेही सांगा. सिगारेट ओढत असाल तर सोडा. दम्यासाठी किंवा आणखी कशासाठी कधी बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याची नोंद करून ठेवा. स्कॅन कधी करायचा ते डॉक्टर यावरून ठरवतील. आणि फिजिओथेरपिस्ट आईंना शिकवायला येतील तेव्हा बाजूला उभ्या राहू नका, तुम्हीही त्यांच्यासोबत तेच व्यायाम करा. मुलालाही घ्या. उड्या मारायला, धावायला त्याला वेगळं सांगावं लागणार नाही, आणि त्याच्या हाडांची भर पडायची वर्षं हीच आहेत.